तांब्यातले सात मोती

फुलपात्र किणकिणलं. त्याआधी घरात अशी शांतता होती, की माजघरातल्या पाळण्याची कुरकुरसुद्धा थांबली होती. चिमाबाईंनी देवापुढच्या तांब्यावरचं फुलपात्र उचललं आणि जमलेल्या दहा-बारा बायकांनी माना पुढे केल्या.

"पांढरं पडलं गं बाई! सातीच्या साती!"

त्यांची धाकटी सून शीला भिंतीला टेकून मटकन खाली बसली. तिला पाचवा महिना होता आणि याआधी दोनदा पोटातलं गेलेलं.

हे सात मोती बेल्ह्याच्या बाजारातून आले होते. तिथं हौशीराम महाराज काचेच्या बाटल्या मांडून बसायचे. "बघा माय, भिंगातून बघा! थेंबात जीव वळवळतोय! डॉक्टरचं मशिन लाइट गेली की आंधळं. आपलं भिंग भारनियमनातबी चालतं!" मग खसखशीएवढे, नितळ सात दाणे मिळायचे. रात्रभर तांब्यात ठेवायचे, कारण तांबं पवित्र. नितळ राहिले तर गर्भ चांगला. पांढरे पडले तर दोष. मग दवाखाना बंद, गोळ्या बंद, बाळंत होईस्तोवर महाराजांच्या मठात राहायचं. पंचक्रोशीत नितळ मोती अजून कुणाचेच निघाले नव्हते. तरी शंका कुणालाच आली नव्हती.

थोरली सून वैजयंतीलाही नाही. आणि ही बाई वारूळवाडीच्या शाळेत विज्ञान शिकवत होती! कडेवर तान्हं घेऊन ती तांब्यासमोर उभी होती आणि मोकळा हात आपोआप छातीशी गेला होता. सासूबाईंचं मन राखायला, असं तिनं स्वतःला सांगून टाकलं.

तिच्या सहा वर्षांच्या हर्षालीनं तांब्यात डोकावून पाहिलं. "आई, ही तर तुझ्या शाळेतल्या माशांची अंडी!"

"गप्प बस! देवाचं आहे ते."

दुपारी शीला चुलीपुढं बसून लोहाच्या गोळ्या एकेक करून राखेच्या टोपल्यात टाकत होती. "ताई, नको आता. दोष हाय म्हणल्यावर गोळीनं काय व्हायचंय?" तिचा आवाज इतका शांत होता, की वैजयंती तिच्याशेजारी खाली बसली. हर्षालीचं सकाळचं बोलणं तिला आता आठवलं, आणि त्यामागून शाळेचं विज्ञान प्रदर्शन.

पुण्याहून आणलेले पट्टेरी झेब्रा मासे तिनं तिथं मांडले होते. पहाटे उजेड पडला की मादी अंडी घालते. अंड्याचं कवच काचेसारखं पारदर्शक, त्यामुळं आत मासा घडताना दिसतो. एका दिवसात शेपटी हलते, दुसऱ्या दिवशी हृदयाचे ठोके दिसतात. सातवीची मुलं तासातासाला चित्रं काढायची. त्या गर्दीत पांढऱ्या सदऱ्यातला एक पाहुणा पुढे आला होता. काय एकेक प्रश्न त्याचे! "बाई, ही कशात जगत्यात? कशात मरत्यात?" वैजयंती हरखून गेली होती. काचेत ठेवा, तांब्यात मुळीच नको, तांबं पाण्यात उतरतं आणि अंड्यांना ते विष, मेलं की अंडं पांढरं पडतं, हे सगळं तिनं फळ्यावर आकृती काढून सांगितलं. वर माशांच्या दोन जोड्याही दिल्या. तिच्या उभ्या नोकरीत एवढं मन लावून शिकलेला विद्यार्थी तोच एक.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं शाळेतून अंडी आणली. तिनं गळ घातल्यावर चिमाबाईंनी स्वतःच्या हातानं निम्मी तांब्यात घातली, निम्मी लोणच्याच्या काचेच्या बरणीत. पाणी एकाच हंड्यातलं. शेजारच्या धोंडाबाई राखणीला बसल्या. "मास्तरीणबाई, हात लावशील तर बघ!"

रात्र गेली. तांब्यातली पांढरीफटक. बरणीतली नितळ, आणि शाळेतून आणलेल्या भिंगाखाली शेपट्या वळवळत होत्या.

चिमाबाई कितीतरी वेळ भिंगाला डोळा लावून राहिल्या. "म्हंजी दोष तांब्याचा व्हय! आन् आमी लेकीबाळींस्नी रडवत बसलो." मग डोळे बारीक करून म्हणाल्या, "पर त्या मेल्याला हे शिकवलं कुनी?"

"मीच, आत्याबाई."

ओटीवर जमलेल्या बायकांत असा हशा पिकला, की पाळण्यातलं पोर दचकून उठलं. वैजयंतीही हसली, दुसरं काय करणार? मग म्हणाली, "हसा मला. पण कुणी चमत्कार दाखवला, तर एकाच्या जागी दोन भांडी मांडा. देव कोपत नाही. आणि शीला, तुझं बाळ कसं आहे ते डॉक्टर सांगतील. मोती नाही."

"नारायणगावच्या दवाखान्यात मी येते संगं," धोंडाबाई उठल्या. "तिथनं बेल्ह्याला जाऊ. बरणी मीच घेते, महाराजाला आपला ह्यो काचेचा मठ दाखवू!"

शीलानं चुलीपाशी जाऊन राखेच्या टोपल्यात हात घातला. सापडलेली एक गोळी पदराला पुसली. "ऱ्हाऊ दे गं ती," वैजयंती म्हणाली, "नवीन आणू." पण शीलानं ती पाण्याबरोबर गिळून टाकली.

हर्षाली बरणीजवळ हनुवटी टेकून बसली होती. मान न वळवता तिनं विचारलं,

"आई, मी पयल्यांदाच सांगितलं व्हतं. तू मला गप्प बस म्हणालीस, तवा तूपण महाराज झाली व्हतीस का?"