क्लच धरतो कुठं

त्या काळी बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात मोटारसायकली म्हणाल तर बोटांवर मोजण्याइतक्या, आणि बिघडली की एकूणएक यायची ती दत्तोबाच्या छपरात. मूळचा लोहार गडी, पण नुसत्या आवाजावरनं इंजिनाचं दुखणं ओळखायचा. त्या नावाचा त्याला गर्व होता, आणि का नसावा? पण आज तेच नाव मातीत जायची वेळ आली होती.

कालव्यावरचे ओव्हरसियर मोहनराव महिन्यात तिसऱ्यांदा आले होते. तक्रार तीच. डाव्या हाताची क्लचची दांडी सोडताना इंजिन चाकाला कधी धरतं तेच कळत नाही, गाडी एकदम उसळते. दोनदा दत्तोबानं दांडीची तार जुळवून दिली होती. तरी काल लासुर्ण्यात गाडी उसळली ती थेट दगडाबाई माळणीच्या अंगावर. म्हातारी थोडक्यात वाचली, पाटीतल्या वांग्यांचा मात्र चेंदामेंदा झाला.

"आज नीट झाली नाही, तर कालव्याची एकही गाडी तुझ्याकडे येणार नाही. वर साहेबांना तसं लिहितो!" मोहनराव कडाडले आणि पट्टेवाल्या भीमाला त्यांनी चहा आणायला पिटाळलं. या भीमाच्या तोंडात तीळ भिजत नसे.

दत्तोबानं स्वतः गाडी स्टेशनापर्यंत फिरवून आणली. दांडी निम्मी सुटली की क्लच अलगद धरत होता. अरे, मग दुखणं हाय तरी कुठं? त्याचं डोकंच फिरलं.

"रावसाहेब, गाडीवर बसा. इंजिन बंद हाय. डोळं मिटा, दांडी दाबा अन् हळूहळू सोडा. निम्मी सुटली की सांगा."

दांडी पुरती सुटली तरी मोहनराव गप्पच. मग म्हणाले, "आत्ता!"

दत्तोबाला हसू येणार, तेवढ्यात रक्त दिसलं. तारेचं एक सुटं कुसळ मोहनरावांच्या बोटात खोल घुसलं होतं, आणि त्यांना त्याचा पत्ताच नव्हता.

"रावसाहेब... बोट."

मोहनरावांनी डोळे उघडले, बघितलं आणि हात झटकन पाठीमागं नेला.

दत्तोबानं हे आधी पाहिलं होतं. त्याचा चुलता असाच चुलीतला निखारा हातानं उचलायचा. महारोग म्हणून गावानं त्याला माळावर काढला, आणि घरचीसुद्धा लांबूनच भाकरी टाकायची. गाडीत दोष नव्हता, दत्तोबाचं खरं ठरलं होतं. जळो मेलं ते खरं ठरणं!

"किती दिस झालं?"

"दिवाळीपासून." मोहनराव हात मागंच धरून म्हणाले. "वाटायचं, तारच असेल. तुझ्यावर ओरडलो की दोन दिवस बरं वाटायचं."

"आता चालवू नगा. उद्या कुणाचा तरी जीव जाईल."

"पण का थांबलो म्हणून सांगू? कळलं तर नोकरी गेली, घरदारही गेलं. पुण्याला सुया देणारा डॉक्टर आहे. पण कालवा सोडून तिकडं जायचं तरी काय निमित्तानं?"

दत्तोबा क्षणभर घुटमळला. खोटं कशाला बोला, भ्यालाच तो. मग त्यानं तो हात पुढं ओढला, पकडीनं कुसळ उपसलं आणि आपल्या पटक्याची चिंधी फाडून बोटाला बांधली. भीमा किटली घेऊन कोपऱ्यावर दिसला. तशी दत्तोबानं हातोडा उचलला आणि दांडीवर असा हाणला, की ती मुळापासून तुटली.

"आयाया! काय केलंस रं?" भीमा धावत आला.

"चुकलो, बाबा. वाकवाय गेलो अन् तुटली. रावसाहेबांचा हात बी माझ्यामुळंच कापला. ही दांडी हितं मिळायची न्हाय. त्यास्नी सोता पुण्याला जावं लागंल. एका खेपेत काम व्हायचं न्हाय."

मोहनरावांनी तुटकी दांडी उचलून घेतली.

"बोला की, रावसाहेब," दत्तोबा म्हणाला. "एवढं नुकसान केलं, अन् गप का?"

मग मोहनराव बोलले. नालायक, अडाणी, हात झडले का तुझे, असं तोंडाला येईल ते. लोक जमले. बोलता बोलता मोहनरावांच्या डोळ्यांना धार लागली, तेव्हा गर्दीतलं कुणीतरी म्हणालं, साहेबाला गाडीचा लई लळा दिसतोय. दत्तोबा मान खाली घालून ऐकत राहिला, आणि त्या दिवसापासून कालव्याची एकही गाडी त्याच्या छपरात आली नाही.