टीव्हीवरची झेरॉक्स

हरेश्वरच्या होमस्टेतल्या वायफायचा पासवर्ड जेवणघराच्या भिंतीवर, माशांच्या दरांखाली खडूने लिहिलेला होता. सात वर्षं तोच. अख्खी आळी त्यावर फुकट चालायची आणि हरेश्वरला त्याचं कोण कौतुक!

"घ्या ना वकीलताई, आपन कुनाला न्हाय म्हनत न्हाय."

कल्पिताला शिसारी आली. असल्या उष्ट्या वायफायला ती बोटही लावणार नव्हती. पनवेलहून नागावला ती आली होती ऋतिकाचा जबाब घ्यायला. शेजारचं रिसॉर्ट संडासाचं पाणी रात्री समुद्रात सोडतं, हे तिथे चादरी धुणाऱ्या या पोरीने डोळ्यांनी पाहिलं होतं. ऋतिकाचा बापही तिथलाच वॉचमन. तक्रार दाखल होईपर्यंत आपलं नाव कुणाला कळू नये, एवढीच तिची अट होती आणि कल्पिताने तिला शब्द दिला होता. म्हणून नेट स्वतःच्या मोबाइलचं, वायरने जोडलेलं, आणि लॅपटॉपचं वायफाय बंद. सगळं चोख.

फक्त सही केलेल्या जबाबाची एक झेरॉक्स तिने हरेश्वरच्या मशीनवर काढली. साधा कागद तो, त्याला कसली आलीय भीती?

दुपारी ती जेवायला बसली. कोपऱ्यात रिसॉर्टचा मॅनेजर धनेश रोजच्यासारखा सोलकढी भुरकत होता. समोरच्या मोठ्या टीव्हीवर पाहुण्यांचे फोटो सरकत होते. ओली अंगं, उघड्या ढेऱ्या, आणि मग एकदम कुणा बाईचं आधार कार्ड, नंबरासकट. कल्पिताने हातातला घास ताटात ठेवला.

"हे काय लावलंय?"

"पाव्हन्यांचे फोटू! वायफायवर जे येतं ते आपोआप टीवीवर लागतं," हरेश्वर फुशारकीने म्हणाला. "झेरॉक्स मशीनपन जोडलंय. मधीमधी त्यातलं बी येतं."

कल्पिता खुर्ची पाडून उठली. तोवर टीव्हीवर सुरमईच्या ताटाच्या फोटोमागून तो जबाबाचा कागद आलाच. भिंतभर मोठा, अक्षर न् अक्षर वाचता येईल असा. खाली ऋतिकाची सही.

तिने टीव्हीची वायर उपटली. हरेश्वरची तिला किळस आली, पण त्याहून स्वतःची आली. वायफायचा विटाळ मानणारी ही शहाणी, पोरीचा जबाब आपल्याच हाताने त्याच्या मशीनवर ठेवून आली होती.

धनेशने वाटी खाली ठेवली, मिशी पुसली आणि मोबाइल कानाला लावला.

"शेठ, वॉचमनला गेटवरच थांबवा. व्हय, त्याचीच पोर हाय."