शेजारणीचा चेहरा

योप डेकरचं कुणाशी पटलं नाही. हॉलंडहून पोरवयात आईबापांबरोबर तो हॅमिल्टनला आला, स्टीलच्या कारखान्यात राबला आणि घरी बेसमेंटमध्ये एचिंग शिकला. शिकवणारं कुणी नव्हतं. तांब्याच्या पत्र्यावर मेण चढवायचं, सुईनं चित्र कोरायचं, पत्रा ॲसिडमध्ये बुडवायचा. ॲसिडनं खाल्लेल्या रेघांत शाई भरून कागदावर छाप घ्यायचा. सुरुवातीला त्याची बोटंही भाजली. वासाला कंटाळून बायको निघून गेली. योप रस्त्यावरच्या माणसांची चित्रं काढत राहिला, त्यांना न विचारता.

शेजारी वसईची शर्ली आणि तिचा नवरा डेनिस राहायला आले. पहिल्याच विंटरमध्ये भांडण पेटलं. शर्ली फावड्यानं ड्राइव्हवे शोव्हल करून बर्फ कुंपणापलीकडे योपच्या दारात ढकलायची. योप शिव्या द्यायचा. ती त्याच्या ॲसिडच्या वासाची तक्रार करायची.

पुढं लायब्ररीत योपची चित्रं लागली. डेनिस घरी येऊन म्हणाला, "अगं, तू भिंतीवर लटकलीयस."

शर्ली बघायला गेली. फावडं उगारलेली, तोंड वासलेली, कपाळाची शीर फुगलेली बाई. खाली नाव, 'शेजारीण'. समोर दोन बायका हसत होत्या. शर्ली तडक योपच्या दारात धडकली.

"माझा चेहरा काढून टाक!"

"तू अशीच दिसतेस."

"मला विचारलं होतंस?"

"बर्फ टाकताना तू विचारलं होतंस?"

"मी वकील आणीन, म्हाताऱ्या."

योपनं आतून त्या चित्राचा पत्रा आणला. तिच्यासमोर पायरीवर बसून लोखंडी पातीनं तो चेहरा खरवडू लागला. त्या चेहऱ्यावर त्यानं अख्खा हिवाळा घालवला होता. शर्ली "पुरे" म्हणाली नाही. डोळे गेले, तोंड गेलं, तांबं गुळगुळीत झालं.

"झालं समाधान?"

"लायब्ररीतलंही उतरव."

त्यानं उतरवलं, आणि त्या जागी खरवडलेल्या पत्र्याचा नवा छाप लावला. तेच फावडं, तेच उगारलेले हात, आणि चेहऱ्याच्या जागी पांढरा डाग. आता लोक त्याच चित्रापुढं जास्त थांबायचे. शर्लीही थांबली. झुकलेला डावा खांदा तिचाच होता, पण तसं म्हटलं असतं तर ती बाई आपणच, हे तिनंच लोकांना सांगितल्यासारखं झालं असतं.

"इथं राहायचं नाही मला," ती डेनिसला म्हणाली. तो हसला, मग तिचं तोंड बघून घरं शोधायला लागला.

त्यांनी दुसऱ्या गावात, किचनरला, घर घेतलं. सामानाचा ट्रक निघाला तेव्हा योप खिडकीत उभा होता. शर्लीनं त्याच्याकडे पाहिलं. हात कुणीच हलवला नाही.