पहिल्या रांगेतला फोटो

मधल्या सुट्टीत हेडमास्तर शेषराव कदम सरांनी मला ऑफिसात बोलावलं आणि टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. हैदराबादचं हिंदी वर्तमानपत्र होतं, चार दिवसांपूर्वीचं. त्यांच्या मेहुण्यानं हिंगोलीच्या स्टेशनवर घेतलेलं. आतल्या पानावर मोठा फोटो होता. पोरांची गर्दी, पुढं लोखंडी कठडा आणि कठड्यावर अर्धी वाकलेली एक बाई. मूठ वर, तोंड उघडं, केस चेहऱ्यावर आलेले.

"मॅडम, ह्या तुमीच का?"

मी नाही म्हणावं, म्हणजे विषय मिटेल, असं त्यांना वाटत होतं. ते त्यांच्या आवाजातच होतं.

"व्हय सर. मीच."

सर फोटोकडं बघत राहिले. "काय वरडून राहिल्या होत्या?"

"गाणं."

त्यांनी पेपरची घडी घातली आणि माझ्या हातात दिली. "मी काई पाह्यलं न्हाई," ते म्हणाले. "पण बाकीच्यांनी पाह्यलं असंल, मॅडम. तयारीत ऱ्हावा."

हे २००१ च्या जानेवारीतलं. मी पंचवीस वर्षांची होते. जवळा बाजारजवळच्या एका गावात शिक्षणसेविका म्हणून लागले होते आणि तिथंच खोली करून राहत होते. घर गोरेगावच्या अलीकडच्या तांड्यावर. बा धर्मसिंग राठोड आणि याडी, म्हणजे आई, जिवनबाई, दोघंही शेतीत. आमच्या घरात गोरमाटी, बंजाऱ्यांची बोली, बोलतात. पुढचं बोलणं मी मराठीत सांगते आहे. दिवाळीनंतर माझी सगाई झाली होती, सेनगावकडच्या नेमसिंग पवारांच्या जगनशी. लग्न उन्हाळ्यात.

आणि मी 'लाल फाटक'च्या मागं वेडी होते.

लाल फाटक हा हैदराबादच्या पाच जणांचा बँड. नांदेडला डी.एड. करताना माझ्या खोलीतल्या प्रियदर्शनीनं त्यांची कॅसेट आणली होती. तिचा भाऊ हैदराबादला शिकायला होता. टेप जुना, एक स्पीकर फाटलेला, तरी आम्ही ती कॅसेट इतकी वाजवली की शेवटी फीत ताणली गेली आणि गाणारी बाई पुरुषासारखी गायला लागली. गाणी दख्खनीत होती. हिंगोलीच्या बाजारात निम्मी भाषा तीच, त्यामुळं मला शब्दन् शब्द कळायचा. एका गाण्यात ती नुसतं म्हणायची, "नक्को बोली तो नक्को, फिर पूछना नक्को." मला ते पाठ करावं लागलं नाही.

१९९९ च्या जानेवारीत प्रियदर्शनी आणि मी पहिल्यांदा त्यांचा कार्यक्रम बघायला गेलो. एका कॉलेजचं मैदान, दुपारचे चार. ऊन डोळ्यावर येत होतं. मला वाटलं होतं, टेपवर ऐकतो तेच मोठ्यानं ऐकू येईल. तसं काही नव्हतंच. ड्रमचा पहिला ठोका पडला आणि कुणीतरी छातीवर तळहात मारावा तसं झालं. आवाज आधी तळपायातून चढला, फासळ्यांत घुमला आणि कानात सगळ्यात शेवटी आला. गाणारी तबस्सुम दिसायला इतकी बारकी की गिटारच तिला उचलून आणते आहे असं वाटावं. तिनं माइक तोंडाशी धरला आणि मैदान हललं.

माझा आवाज लहानपणापासून जाड. शाळेत प्रार्थनेला मला मागच्या रांगेत उभं करायचे आणि नुसते ओठ हलव म्हणायचे. एसटीत मी जरा मोठ्यानं बोलले तर दहा माना वळायच्या. त्या दिवशी मी पोटापासून ओरडले, सगळा दम लावून ओरडले आणि एकही मान वळली नाही. शेजारचा पोरगा माझ्याकडं बघून हसला आणि स्वतःच्या आवाजात ओरडायला लागला. येताना माझा घसा पार बसला होता. तीन दिवस मी वर्गात फळ्यावर लिहूनच शिकवलं असतं, तेव्हा वर्ग असता तर.

मग प्रियदर्शनीचं लग्न होऊन ती लातूरला गेली. २००० साली मी एकटीच गेले. घरी 'मैत्रिणीकडं' म्हणून सांगितलं. हे एक खोटं मी बोलले होते, आणि त्याची लाज मला आजही वाटते, जाण्याची नाही. त्या वर्षी गर्दीत एकानं मागून अंगाला अंग लावलं. मी वळले आणि आमच्या सरावपाठात शिकवलेल्या आवाजात म्हणाले, "हात खाली!" चौघांनी हात खाली घेतले. त्यात ज्याचा होता तोही होता. तिथून पुढं मी थेट कठड्यापाशी गेले आणि तीच माझी जागा झाली. २००१ चा फोटो तिथलाच.

शनिवारी मी तांड्यावर गेले तेव्हा फोटो माझ्या आधी पोचला होता. नेमसिंगकाका सकाळच्या जीपनं गोरेगावला उतरून आले होते, सोबत जगन. तांड्याचे नायक वसराम यांनी लिंबाखाली बैठक बोलावली होती. पंचवीसेक माणसं. बायका ओट्यांवर. बा एका कडेला, पागोटं नीट बांधून, काठी गुडघ्यावर आडवी ठेवून बसले होते. माझ्याकडं त्यांनी पाहिलं नाही.

वसराम नायक वाईट माणूस नव्हता. मी बारावीला पहिल्या वर्गात आले तेव्हा त्यानंच तांड्याला गूळ वाटला होता. त्यानं पेपर पुढं सरकवला. "शिला, तू शिकलेली पोरगी. लेकरांना शिकवतीस. ह्ये काय हाय?"

"गाण्याचा कार्यक्रम, नायक. हैदराबादला."

"संगट कोन होतं?"

"कोनी न्हाई. एकटीच होते."

ओट्यावर कुजबूज झाली. नेमसिंगकाका म्हणाले, "केस सोडून? परक्या पोरांत?"

"सोडले न्हाईत काका, सुटले. सुटल्यावर बांधत बसले न्हाई, येवढं खरं."

कुणीतरी हसलं आणि लगेच खोकलं. नायकानं हात वर केला. "हे बघ, पोरी. उगं वाढवू नको. सेवालाल महाराजांच्या म्होरं नारळ फोड, चूक झाली म्हन, पुन्ना जानार न्हाई म्हन. नेमसिंगबी मानतील. इषय संपला."

मी खरंच विचार केला. खोटं कशाला सांगू? सगळे ओळखीचे चेहरे होते. यातल्या निम्म्यांच्या अंगाखांद्यावर मी खेळले होते. एक नारळ फोडला असता तर संध्याकाळी सगळे मिळून चहा प्यालो असतो.

"चूक केली असती तर दोन फोडले असते," मी म्हणाले. "घरी खोटं सांगून गेले, त्याची माफी बा आन् याडीची मागते. हितंच, सगळ्यांसमोर मागते. पन गेल्याची मागनार न्हाई. पुढच्या वर्सी फेब्रुवारीत पुन्ना कार्यक्रम हाय. मी जानार हाय. या खेपंला आधीच सांगून ठेवते."

नेमसिंगकाका उठून उभे राहिले. मी जगनकडं पाहिलं. तो चांगला मुलगा होता. सगाईच्या दिवशी त्यानं मला विचारलं होतं की लग्नानंतर नोकरी इकडं बदलून मिळेल का, म्हणजे मला त्रास नको.

"जगन, तुजं काय म्हननं हाय?"

जगननं बापाकडं पाहिलं. नंतर जमिनीकडं.

मी घरात गेले, पेटीतून सगाईची साडी काढली, घडी न मोडता आणली आणि नेमसिंगकाकांच्या बाजेवर ठेवली. "ऱ्हाऊ द्या मग," मी नेहमीच्या जाड आवाजात म्हणाले.  

पोरगी नारळ फोडेपर्यंत धर्मसिंगच्या घराला कुठल्या कार्याचं बोलावणं नाही, असं बैठकीनं ठरवलं.

मला वाटलं होतं हे माझ्यावर येईल. ते याडीवर आलं. मी सोमवारी नोकरीला निघून गेले. ती तिथंच होती. होळीला आमच्या तांड्यावर बायका फेर धरून लेंगी गातात आणि वीस वर्षं पहिली ओळ याडीच उचलायची. त्या वर्षी तिला कुणी हाक मारली नाही. मी सुट्टीला घरी होते. बाहेर फेर सुरू झाला, पहिली ओळ दुसऱ्याच कुणीतरी उचलली, आणि याडी चुलीपुढं बसून म्हणाली, "तुझ्यापायी माझी होळी गेली, शिला."

मी म्हणाले, "याडी, उद्या नारळ फोडते."

 ती उठली, ओढणी सारखी केली, दारात जाऊन उभी राहिली आणि तिथूनच, एकटीनं, पहिली ओळ म्हणाली. फेरातल्यापेक्षा वरच्या पट्टीत. ती गात राहिली. फेर जरा अडखळला, मग आपल्या वाटेनं गेला. तिनं पूर्ण गाणं म्हटलं, आत आली आणि मला म्हणाली, "नारळाचं पुन्ना नाव काढशील तर बघ."

बा मात्र गप्पच. ते बाराही महिने गप्पच असायचे, पण हे गप्प राहणं वेगळं होतं. पुढच्या जानेवारीच्या शेवटी मी सांगायला म्हणून घरी गेले, की पंधरा दिवसांनी मी हैदराबादला जाणार आहे. बा बैलांना कडबा टाकत होते. पाठमोरेच म्हणाले, "मीबी येतो."

"काहून?"

"लोकं इचारतेत, तिथं काय अस्तंय. मला ठावं न्हाई. न पाह्यलेल्या गोष्टीवर मी भांडावं कसं?"

हिंगोलीहून गाडी धरून आम्ही सकाळी हैदराबादच्या काचीगुडा स्टेशनवर उतरलो. दुपारी मैदानाच्या फाटकावर रखवालदारानं बांना अडवलं. धोतर, लाल पागोटं, हातात काठी. "चाचा, ये मेला नहीं है. लाठी अंदर नक्को."

मला वाटलं बा माघारी फिरतील. त्यांनी काठी दिली आणि हात पुढं केला. "पावती."

"काय की पावती, चाचा?"

"तुमारे पास मेरी काठी है. पावती दो." आणि ते फाटकाच्या मधोमध उभे राहिले. मागं शंभर पोरं. शिट्ट्या सुरू झाल्या. बा हलले नाहीत. शेवटी त्यानं सिगारेटच्या पाकिटाचा कागद फाडून त्यावर 'लाठी एक' लिहून सही केली. मागच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. बांनी कागद कमरेला खोचला.

मी त्यांना मागं, खुर्च्या होत्या तिथं नेलं आणि शेजारी उभी राहिले. पहिला ठोका पडला. बा दचकले. पागोट्याचा सोगा काढून त्यांनी दोन्ही कानांवर गुंडाळला. मी कठड्याकडं बघत होते. तिथं माझी जागा दुसऱ्या कुणीतरी घेतली होती.

बा वाकून माझ्या कानाशी ओरडले, "तू हितं काहून उभी? फोटोत तर म्होरं होतीस!"

"तुमी एकटे..."

"मी काय लेकरू हाय? जा!"

मी गेले. पोरांमधून वाट काढत, कोपर लावत, 'सरका' म्हणत कठड्यापर्यंत गेले आणि दोन्ही हातांनी तो धरला. तबस्सुमनं तेच गाणं धरलं. मैदान एका आवाजात 'नक्को' म्हणालं आणि त्यात माझा आवाज होता, सगळ्यात जाड. मी केसांचा आकडा स्वतःच्या हातानं काढला. या खेपेला सुटले नाहीत, सोडले. फोटो काढणारा समोर होता. मी त्याच्याकडंच बघून ओरडले.

मध्ये एकदा वळून पाहिलं. खुर्ची रिकामी होती आणि बा तिच्या शेजारी उभे होते, मान उंचावून. दोन तास ते उभेच होते.

"कसं वाटलं, बा?" मी नंतर विचारलं.

"कान दुखून राहिले," ते म्हणाले आणि पावती दाखवून काठी घ्यायला गेले.

पुढच्या रविवारी बांनी स्वतः बैठक मागितली. आजवर त्यांनी कधी काही मागितलं नव्हतं, म्हणून सगळे आले. वसराम नायकानं विचारलं, "बोल धर्मसिंग. काय पाह्यलं?"

"गाणं मला कळलं न्हाई," बा म्हणाले. "लई गोंगाट. ढोल बडवनाऱ्या पोराला दम हाय, ते मानलं. दारू प्यालेली दोन पोरं पाह्यली. तितकी आपल्या जत्रंतबी अस्तेत." ते थांबले. इतकं बोलायची त्यांना सवय नव्हती. "माझी पोरगी तिथं वरडत होती. पंचवीस वर्सं ती माझ्या घरात ऱ्हाली, मी तिचा येवढा आवाज आयकला न्हवता. आपुनच तिला हळू बोल, हळू बोल म्हनत आलो. मी बी म्हनलो. तिथं ती कोनाला भेत न्हवती. तिनं नारळ फोडायचा न्हाई. तिनं म्हनलं तरी मी फोडू देनार न्हाई. तुमी बोलावा, न्हाई तर नका बोलावू."

आणि काठी टेकत ते घराकडं निघाले.

सगळं लगेच सुरळीत झालं असं नाही. त्या होळीला चार-पाच बायका आमच्या दारात आल्या आणि याडीला घेऊन गेल्या. काही घरं अजूनही आमच्याकडं येत नाहीत. नायकानं बैठकीचा ठराव कधी मागं घेतला नाही, पण नातवाच्या लग्नाला स्वतः बोलवायला आला. जगनचं त्याच वर्षी दुसरीकडं झालं. माझं नाही झालं. त्याबद्दल मला हळहळणाऱ्या बायका भेटतात, त्यांना मी चहा देते.

हैदराबादला मी दरवर्षी गेले. लाल फाटक फुटला तेव्हा दुसरे बँड शोधले, औरंगाबादला गेले, पुण्याला गेले. २००८ ला पुण्यात मी बत्तीस वर्षांची होते, कठड्याला धरून उभी, अजून कार्यक्रम सुरू व्हायचा होता. मागून एक पोरगा फार अदबीनं म्हणाला, "आंटी, मागं बसायला खुर्च्या आहेत."

"हाव ना," मी म्हणाले. "दमला असशील तर बस जा."