दम्याचं सांगून घेतलेली खोली

रेलटोलीतली खोली हातची गेली ती दुधरामच्या खोकल्याने. मालक रेल्वेत बाबू होता. त्याने भाडं सांगितलं, धुरपताने मान डोलावली, खिडकीसुद्धा उगवतीकडे होती. तेवढ्यात फाटकाशी थांबलेला तिचा नवरा दुधराम वाकला आणि खोकतच राहिला. बाबूने त्याच्या वर आलेल्या गळ्याच्या हाडांकडे पाहिलं आणि बायकोला विचारून सांगतो म्हणाला. त्याची बायको मागे दारातच उभी होती.

ही तिसरी खोली. धर्मशाळेच्या मॅनेजरने रविवारपर्यंतची मुदत दिली होती आणि आज शुक्रवार होता.

दोघं केशोरीहून कार्तिक संपता संपता आले होते, अर्जुनीपर्यंत बैलगाडीने, पुढे छोट्या लाईनच्या गाडीने. गोंदियाच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरने छातीचा फोटो पाहून क्षय सांगितला. आता यावर सुया निघाल्या आहेत, माणूस वाचतो, असंही सांगितलं. फक्त तीन महिने एक दिवसाआड सुई चुकवायची नाही. इथेच कुठे तरी खोली घेऊन राहा. धानाची कापणी दुधरामच्या भावाने अंगावर घेतली. चार वर्षांची लेक धुरपताने सासूजवळ ठेवली. पोरगी बापाच्या अंगावर झेपावायची म्हणून तिला मुद्दामच आणलं नाही.

पण गोंदियात खोल्या कमी आणि माणसं जास्त झाली होती. फाळणीत घरदार सोडून आलेली कुटुंबं होती, भातगिरण्यांवर आणि बिडीच्या कारखान्यांत कामाला आलेले खेड्यातले लोक होते. बाजाराजवळच्या खोल्यांची भाडी ऐकून धुरपता उभ्या उभ्या परत फिरत होती. जिथे परवडत होतं तिथे आजाराचं नाव निघालं की दार लागत होतं.

शनिवारी ती एकटीच निघाली. दुधरामला धर्मशाळेत निजवून ठेवलं. एकट्या बाईला पाहून लोक वेगळंच विचारू लागले, माणूस कुठे आहे, काय करतो, तूच काऊन फिरतेस. दुपार कलली तेव्हा ती भाजीबाजारात जमुनाबाईजवळ येऊन टेकली. जमुनाबाई अर्जुनीकडची, वांगी-वाल विकायची, बोलण्यावरून ओळख झालेली. तिने छोट्या गोंदिया वस्तीतल्या गोमतीबाईचं नाव सांगितलं. पोवाराघरची विधवा, एकटीच राहते, मागच्या सांदवाडीला, परसाला लागून एक खोली रिकामी आहे. कुणालाही देत नाही, पण विचारून पाहा.

गोमतीबाई अंगणात धान वाळत घालत होती. तिने सगळं नीट विचारून घेतलं, गाव, शेती, जात, लेकरं. मग विचारलं, माणसाला झालं काय?

काय सांगायचं ते धुरपताने वाटेत हजारदा घोकलं होतं.

"दमा आहे बाई," ती म्हणाली.

गोमतीबाईचा चेहरा मऊ झाला. तिच्या सासऱ्यालाही दमाच होता. हिवाळ्यात जास्त होतो, शेगडी ठेवत जा, असं तिने सांगितलं. भाडं सहा रुपये ठरलं. रविवारी सकाळी दोघं गाठोडं घेऊन तिथे राहायला आले.

खोली चांगली होती, सारवलेली, वर कवेलूंचं छप्पर, मागे वेगळं दार. पण धुरपताला तिथे एक घास सुखाने गिळता येईना. दुधरामचा पाण्याचा गडवा तिने वेगळा ठेवला आणि तो नजरेला पडू नये म्हणून कोनाड्यात लपवला. थुंकीच्या मडक्यातली राख उजाडायच्या आत लांब नेऊन पुरायची. खोकला आला की गोधडी तोंडाशी धरा म्हणायची. दवाखान्यात जाताना सरळ रस्ता सोडून मागच्या गल्लीने न्यायची, रांगेत कुणी ओळखीचं दिसलं की पदर पुढे ओढायची. गोमतीबाई मात्र रोज संध्याकाळी येऊन उंबऱ्यावर बसू लागली. कधी ताक आणायची, कधी अळूच्या वड्या. धुरपता तिच्यासाठी पाट अंगणात नेऊन टाकायची. आत काऊन बसू देत नाहीस, असं तिने एकदा हसत विचारलं. धुरपता म्हणाली, आत अंधार आहे.

असा दीड महिना गेला. ताप उतरला, दुधराम भाकर मागून खाऊ लागला.

आणि पौषात गोमतीबाई आनंदाने सांगत आली की कुंता, तिची लेक, पहिल्या बाळंतपणाला पुढच्या आठवड्यात माहेरी येणार. घरात आणखी एक बाई आहे म्हणून मला धीर आहे, तूच तिचं तेल-पाणी कर, असंही म्हणाली. धुरपताने हो म्हटलं. मग खोलीत येऊन भिंतीला टेकून बसली ती चूल पेटवायचंही विसरली.

बाईला आता खरं सांगावं लागेल, असं ती म्हणाली तेव्हा दुधराम म्हणाला, "पाच हप्ते राह्यले. काऊन सांगून राह्यली? मरायले रस्त्यावर जाऊ काय?"

दुसऱ्या दिवशी तिने डॉक्टरला विचारलं. डॉक्टर म्हणाला, सुधारणा आहे, पण तान्हं बाळ अजून जवळ येऊ देऊ नका. घरमालकाला ठाऊक आहे ना? तिने नाही म्हणून मान हलवली.

तीन दिवस ती सांगायला निघून परत फिरली. चौथ्या दिवशी गोमतीबाई बाळंतिणीच्या खाटेला सुंभ ओढत होती, तेव्हा धुरपता समोर जाऊन उभी राहिली.

"बाई, त्यायले दमा नाही. क्षय आहे."

गोमतीबाईचा हात थांबला.

"माही पोरगी मी त्यांच्यापासून दूर ठेवली," धुरपता म्हणाली. "तुमच्या पोरीच्या लेकराले कशी जवळ येऊ देऊ?"

गोमतीबाई उठली, घरात गेली आणि दार लावून घेतलं. संध्याकाळी ती उंबऱ्यावर आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. धुरपताने भांडी पोत्यात भरली. दुधराम भिंतीकडे तोंड करून पडून होता. धर्मशाळेत पुन्हा घेतील का, आणि नाहीच घेतलं तर उद्याच्या सुईला कुठून जायचं, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी गोमतीबाई लुगडं बदलून दारात आली.

"चल माह्यासंगं," ती म्हणाली. वाटेत म्हणाली, "तू खोटं बोलली, त्याचा राग आहे. तवा खरं सांगतलं असतं तर मी खोली दिली नसती, हेही खरं."

गावाबाहेर तिच्या दिराची, मनोहरलालची आमराई होती आणि राखणदाराची बांबूच्या तट्ट्यांची झोपडी यंदा रिकामी होती. गोमतीबाईने दिराला काहीच लपवलं नाही. रोग सांगितला, राहिलेल्या सुया सांगितल्या, आणि बाईने आपण होऊन सांगितलं हेही सांगितलं. मनोहरलालने बराच वेळ सुपारी कातरली. शेवटी म्हणाला, विहिरीला हात लावायचा नाही, पाणी माझा गडी काढून देईल. भाडं अडीच रुपये.

त्याच दिवशी ते तिकडे गेले. छप्पर गळकं होतं, वारा तट्ट्यांतून आत यायचा, दवाखाना दुप्पट लांब पडला. धुरपताने तट्टे शेणमातीने लिंपले, दाराला पोतं लावलं. थंडी वाढली तशी दुधरामला पुन्हा दोनदा ताप आला आणि आपण बोललो ते चुकलंच, असं तिला त्या दिवसांत पुष्कळदा वाटलं. पण सुई एकही चुकली नाही. कुंताला मुलगी झाल्याचं जमुनाबाईकडून कळलं. धुरपता तिकडे गेली नाही आणि तिला कुणी बोलावलंही नाही.

माघ उतरता डॉक्टरने नवा फोटो काढला. डाग आटला होता. गोळ्या चालू ठेवायच्या, वेगळं निजायचं, पण गावी जायला हरकत नाही.

धुरपताने झोपडी सारवून काढली आणि कुलूप-किल्ली मनोहरलालच्या ओसरीवर ठेवली. तो म्हणाला, झोपडीसाठी दोघंजण विचारून गेलेत, त्यांना काय सांगू?

"खरं सांगा," ती म्हणाली. "क्षयाचा माणूस राह्यला होता, अन् बरा होऊन गेला."

आधी भिंतींना चुना मारून घेतो, असं मनोहरलाल म्हणाला. मग त्याने गड्याला गाडी जुंपायला सांगितली, कारण स्टेशन तिथून लांब होतं आणि दुधरामच्या पायांत अजून तेवढं बळ नव्हतं.