रेघांची तिसरी

भाट्याच्या खाडीत तिसऱ्यांच्या, म्हणजे खायच्या शिंपल्यांच्या, दोन जाती एकाच चिखलात राहतात. एकीच्या पाठीवर बारीक रेघा, दुसरी गुळगुळीत. रंगावर जाल तर फसाल. पांढऱ्या, पिवळ्या, नक्षीच्या दोन्हींत सापडतात. चूल मात्र फसत नाही. रेघांची एका उकळीत तोंड उघडते, गुळगुळीत वेळ लावते. एकत्र शिजवल्या तर अर्ध्या चामट होतात, अर्ध्या मिटलेल्या राहतात.

१९३४च्या फाल्गुनात नेहमीच्या गिऱ्हाईक यमुनाबाईंनी अशी सरमिसळ टोपली वाडीवर परत आणली, तीही चार बायकांसमोर. धोंडूबाई आणि तिची सून बकुळा यांच्या टोपल्या बाजारात शेजारी असायच्या, म्हणजे चूक दोघींपैकी एकीची. बकुळेने लगेच सासूकडे बोट दाखवलं. धोंडूबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू. दोष ठेवायला याहून सोयीची जागा कुठली?

"उद्यापासनं तुमी खाडीत येव नका," बकुळा म्हणाली.

चाळीस वर्षं ओहोटी लागली की धोंडूबाई घराबाहेर पडायची. घरी बसायचं या विचाराने ती मुळापासून हादरली. पण बोलली काहीच नाही. तीन दिवस तिने भाकरीसुद्धा थापली नाही. म्हातारी रुसली, असं धरून बकुळा चडफडत थापत राहिली.

धोंडूबाईचा मुलगा, बकुळेचा नवरा भिवा आगबोटीवर खलाशी, रजेवर घरी आलेला. हा अबोला त्याला असह्य झाला. चौथ्या दिवशी त्याने न निवडलेल्या तिसऱ्या दोघींपुढे ओतल्या.

"रेघांच्या तेवड्या काडा. पातेलं काय ता सांगंल."

बकुळेने नजरेनेच भराभर काम उरकलं: नक्षीच्या इकडे, साध्या तिकडे. धोंडूबाई प्रत्येकीच्या पाठीवरून अंगठा फिरवत बसली. मग दोघींनी काढलेल्या तिसऱ्या दोन पातेल्यांत चढल्या.

एक उकळी आली. धोंडूबाईच्या पातेल्यातली एकही मिटलेली राहिली नाही. बकुळेच्या पातेल्यात निम्म्या मिटलेल्या. बकुळा तोंडाची फटकळ, पण खोटी नव्हती.

"आत्याबाई, ती टोपली माजी व्हती. मग तुमी त्या दिवशी बोललाव का न्हाय?"

"माला काय ठावक? तू म्हनलीस, मी खरं मानलं," धोंडूबाई अंगठा चाचपत म्हणाली. "हातच गेला म्हनून घाबरलंय गो. भाकर तरी येतेय का, ता बघायचा धीर झाला न्हाय."

बकुळेने पिठाची परात तिच्यापुढे सरकवली.