यंत्र मळू नये म्हणून

मी फडकं बोलतोय. नाक मुरडू नका. जन्माने मी सदरा, निळ्या चौकड्यांचा, दोन खिशांचा. चार वर्षं मालकांच्या अंगावर काढली. पोटावरचं बटण दर महिन्याला तुटायचं आणि मालक म्हणायचे, "कापड आटलंय." कापड आटलं नव्हतं. शेवटी मालकीणबाईंनी माझ्या बाह्या कापल्या, कॉलर उसवली आणि उरलेला मी स्वयंपाकघरात रुजू झालो. तेव्हापासून ओटा, खिडक्या, पंखे, गाडीची काच, सगळं मीच पुसतो.

या घरात माणसं तीन: मालक, मालकीणबाई आणि मालकांची आई, म्हणजे सासूबाई. यंत्रांची मात्र गणती नाही. जमिनीवर फिरून केर ओढणारी चकती आहे, खिडकी चाटणारा चौकोन आहे, गाडीच्या सीटमधला चुरा ओढणारं नळकांडं आहे, पाण्याचा फवारा मारणारी बंदूक आहे. मालकांना नवं खोकं उघडताना पाहावं. लहान मूल परवडलं, ते निदान खेळून दमल्यावर झोपतं.

"तुझे कष्ट वाचावेत म्हणून आणलंय," हे वाक्य प्रत्येक खोक्याबरोबर येतं. "दहा मिनिटांचं काम!" हे दुसरं. सदरा होतो तेव्हाचं सोडलं, तर मालकांनी मला कधी हात लावलेला नाही.

चकतीचंच घ्या. ती रोज सकाळी दहाला आपोआप सुटते. साडेनऊला सासूबाई हाक मारतात, "अगं, आधी झाडून-पुसून घे. एवढं नाजूक यंत्र, घाणीत कसं सोडायचं? मळेल ना!" मग मालकीणबाई झाडतात, खुर्च्या टेबलावर चढवतात, वायरी उचलतात आणि माझ्याकडून कानेकोपरे पुसून घेतात. त्यानंतर महाराणी निघतात. लख्ख जमिनीवरून मिरवतात आणि जागेवर येऊन बसतात. संध्याकाळी मालक तिचं पोट उघडून बघतात. आत केससुद्धा नसतो.

"बघितलंस? हिच्यामुळे घरात धूळच राहिली नाही!"

यंत्राला पोट असून डोकं नसतं, हे मी समजू शकतो.

मालकीणबाईंना यातलं काहीच नको होतं. त्यांना गाडी चालवायची होती. त्यांची आई शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहते, आणि तिला भेटायचं तर दर वेळी "कधी नेता?" म्हणत मालकांच्या तोंडाकडे बघावं लागतं. म्हणून त्या क्लास लावून गाडी शिकल्या, शिकाऊ लायसन्स काढलं. पक्क्या लायसन्सची परीक्षा घरच्या गाडीवर द्यायची होती. त्यासाठी सराव हवा होता.

"रविवारी देतो की गाडी," मालक म्हणायचे. "आधी धुऊन घेऊ. दहा मिनिटांचं काम."

रविवारी बंदूक बाहेर यायची. "अगं, नळ सोड! अगं, वायर धर! अगं, माहितीपुस्तिका कुठे ठेवलीस?" असं करता करता ऊन डोक्यावर यायचं. "आता पुढच्या रविवारी." असे पाच रविवार गेले. मालकीणबाई मला पिळायच्या, तेव्हा त्यांच्या मनात काय साठलंय ते मला कळायचं. मला त्यांची फार कीव यायची, आणि मालकांचा राग.

परीक्षेचा दिवस उजाडला. वेळ साडेदहाची. चुकली तर शिकाऊ लायसन्सची मुदत संपणार आणि पुन्हा श्रीगणेशा. पण मालकांनी सकाळीच नवं पॉलिशचं यंत्र काढलं. "मळक्या गाडीतून परीक्षेला? लोक काय म्हणतील?" त्यांनी आधी बंदुकीने गाडी धुतली, मग दारं चकचकीत केली आणि त्याच भरात समोरच्या काचेलाही पॉलिश फासलं. काच दुधासारखी पांढरी झाली. दारात चिखल झाला होता. त्या चिखलाच्या चपला घालून मालक पुस्तिका शोधायला तीनदा घरात जाऊन आले.

पावणेदहा झाले. सासूबाई दारात आल्या. "अगं, यंत्र सुटायची वेळ झाली. जमीन पुसायची राहिलीय!"

मालकीणबाईंनी मला साबणात बुचकळलं आणि काचेवर असं फिरवलं की माझ्या उरल्यासुरल्या शिवणी उसवल्या. काच आरपार झाली. मला डॅशबोर्डवर टाकून त्या स्टिअरिंगमागे बसल्या.

"बसताय? शेजारी लायसन्सवालं माणूस लागतं, म्हणून विचारते."

"अगं, पण कडा राहिल्यात..."

"बसा."

मालक यंत्र मांडीवर घेऊन बसले. वाटेत गाडी एकदा बंद पडली. मालकांनी तोंड उघडलं, मालकीणबाईंनी नुसतं बघितलं, तोंड मिटलं. परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी मैदानात दोन फेऱ्या मारायला लावल्या, गाडी मागे घ्यायला लावली आणि कागदावर शिक्का उठवला. पास! मालकीणबाईंनी मलाच डोळ्यांना लावलं. मी मळका होतो, पण त्यांना त्याचं काही नव्हतं. मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू.

घरी आलो तर दहाच्या ठोक्याला चकती सुटलेली. जन्मात पहिल्यांदाच तिची घाणीशी गाठ पडली होती. मालकांच्या चपलांचा चिखल तिने इमानेइतबारे चारही खोल्यांत पोचवला होता आणि आता सोफ्याखाली अडकून बोंबलत होती. सासूबाई पलंगावर पाय वर घेऊन बसल्या होत्या.

"मी म्हटलं नव्हतं, यंत्र मळेल म्हणून?"

"अगं, जरा..." मालकांनी सुरुवात केली.

मालकीणबाईंनी मला त्यांच्या हातात दिलं. "घ्या. दहा मिनिटांचं काम आहे. मी आईकडे जाऊन येते." आणि किल्ली घेऊन त्या गेल्यासुद्धा.

मालकांनी मला उलटसुलट करून पाहिलं. बहुतेक बटण शोधत असावेत. ते तर त्यांनीच तोडलं होतं.

सध्या मी बादलीत आहे. दुसरी खोली चालू आहे. मालकांना मला पिळताही येत नाही, अर्धं पाणी त्यांच्याच पायावर पडतं. तुम्ही या घरावरून जात असाल आणि आतून मदतीची हाक ऐकू आली, तर हात जोडून सांगतो, आत येऊ नका. अजून दोन खोल्या राहिल्यात.